‘करडा प्रदेश’ आणि आपली न्यायबुद्धी

जुलमी सत्तेला हातभार लावणाऱ्या माणसासाठी आपल्या भाषेत जो शब्द रूढ आहे तो ‘फितूर’ हा होय. या शब्दात दोन गोष्टी गृहीत आहेत : एक, त्या माणसाचे कृत्य गुप्त असते, आणि दोन, त्याला त्या कृत्याचा काही मोबदला मिळतो. उघडपणे, स्वतःच्या लोकांच्या देखत, त्यांच्याच हितासाठी म्हणून जो माणूस जुलमी सत्तेशी हातमिळवणी करतो, त्याला आपण काय म्हणावे? मराठीत ‘सहकार’ हा शब्द आजही स्वच्छ आहे. तो साखर कारखान्यांना आणि पतपेढ्यांना आपण निःशंकपणे लावतो. १९२० साली ‘असहकार’ हा शब्द राजकीय तेजाने तळपला, परंतु त्याचा विरुद्धार्थी शब्द निंदाव्यंजक मात्र झाला नाही. युरोपात नेमके हेच घडले. १९४० च्या ऑक्टोबरात फ्रान्सच्या मार्शल पेतँ यांनी हिटलरची भेट घेऊन आपण सहकार्याचा मार्ग स्वीकारीत असल्याचे नभोवाणीवरून जाहीर केले, आणि एकत्र काम करणे एवढाच साधा अर्थ असलेला एक शब्द त्या खंडातील अनेक भाषांत कायमचा डागाळला.

शब्दाचा हा अभाव क्षुल्लक नव्हे. ज्या गोष्टीला नाव नाही तिच्याविषयी विचार करताना आपण शेजारच्या नावांचा आश्रय घेतो, आणि मग न्यायही शेजारच्याच गोष्टीचा करून बसतो. प्रीमो लेव्ही या इटालियन लेखकाचा ‘करडा प्रदेश’ हा निबंध मराठी वाचकाने मुद्दाम वाचावा असे मला वाटते, ते याच कारणासाठी.

लेव्ही हा तूरीन शहरी १९१९ साली जन्मलेला, व्यवसायाने रसायनशास्त्रज्ञ असलेला ज्यू. १९४३ च्या डिसेंबरात तो पकडला गेला, १९४४ च्या फेब्रुवारीत आउश्विट्झच्या छावणीत नेला गेला आणि १९४५ च्या जानेवारीत तेथून जिवंत सुटला. छावणीतील अनुभवांचे त्याचे पहिले पुस्तक १९४७ साली निघाले, तेव्हा त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९५८ च्या पुनर्मुद्रणानंतर ते जगन्मान्य झाले. चाळीस वर्षांच्या चिंतनानंतर, १९८६ साली, त्याने आपले अखेरचे महत्त्वाचे पुस्तक प्रसिद्ध केले, आणि त्यातील दुसरे प्रकरण म्हणजे हा निबंध. पुढच्याच वर्षी लेव्हीचा मृत्यू झाला.

निबंधाचे सूत्र थोडक्यात असे सांगता येईल. छावणीत एका बाजूला जुलमी आणि दुसऱ्या बाजूला पीडित अशी सरळ रेघ असेल, ही नवख्या कैद्याची समजूत पहिल्या काही तासांतच ढासळते. त्याला पहिला तडाखा मिळतो तो जर्मन शिपायाकडून नव्हे, तर त्याच्यासारख्याच एखाद्या कैद्याकडून. मूठभर सैनिकांनी हजारो माणसांवर हुकमत चालवावयाची तर पीडितांपैकीच काहींना आपल्या कामास जुंपावे लागते. आणि जुंपलेल्या माणसाला आपल्याशी जखडून ठेवण्याचा उत्तम उपाय म्हणजे त्याला आपल्या पापात भागीदार करणे. या दोन टोकांमधील जो विस्तीर्ण पट्टा, त्याला लेव्ही ‘करडा प्रदेश’ असे नाव देतो. त्यात जादा रसासाठी भांडी विसळणारा गरीब कैदी येतो, इतरांना बडविणारा मुकादम येतो, प्रेतदहनाच्या भट्ट्यांवर राबविलेल्या अभागी तुकड्या येतात, आणि अखेरीस लोड्झ शहराच्या गेटोचा वृद्ध प्रमुख खाइम रुमकोव्स्की येतो. भट्ट्यांवर राबणाऱ्यांविषयी निवाडा देण्याचे लेव्ही साफ नाकारतो. आपली न्यायशक्ती तेथे पंगू होते, असे तो म्हणतो. (याच तुकड्यांनी १९४४ च्या ७ ऑक्टोबरला बंड करून एक भट्टी उद्ध्वस्त केली, हेही येथे नमूद केले पाहिजे.) मुख्य अपराध व्यवस्थेचा, हे तो एका क्षणासाठीही विसरत नाही.

भारतीय वाचकाच्या हाती या प्रश्नासाठी एक तयार माप असते. जुलमाशी सहकार्य करू नये. सोसावे, मरावे, परंतु हात द्यावयाचा नाही. हे माप ज्यूंना लावून पाहण्याचा प्रसंग प्रत्यक्षात आलेला आहे. १९३८ च्या नोव्हेंबरात गांधीजींनी ‘हरिजन’ पत्रात जर्मनीतील ज्यूंना सत्याग्रहाचा मार्ग सुचविला. त्यास मार्टिन बूबर या तत्त्वज्ञाने १९३९ च्या फेब्रुवारीत जेरुसलेमहून सविस्तर उत्तर लिहिले. त्याच्या उत्तरातील गाभा असा, की आत्मबलिदान हे साक्ष म्हणून परिणामकारक होते. जेथे साक्ष पाहावयास कोणी नाही, जेथे मरणारा निनावी नाहीसा होतो, तेथे त्या बलिदानातून कोणाचे हृदय पालटावयाचे? बूबरचा हा आक्षेप मला सत्याग्रहाच्या तत्त्वाचे खंडन वाटत नाही. परंतु प्रतिकार न करणाऱ्याला भेकड ठरविण्याची घाई आपण करू नये, एवढे तो निश्चित शिकवितो. तेव्हा प्रतिकार की सहकार्य हा प्रश्न बाजूला ठेवून अधिक बारीक प्रश्न विचारला पाहिजे : सहकार्य कोणत्या कृत्यापाशी पाप होते?

यासाठी रुमकोव्स्कीचे चरित्र पाहू. युद्धापूर्वी तो विमा-एजंट होता, व्यापारात अपयशी ठरला होता, आणि एका अनाथालयाचा संचालक होता. १९३९ च्या ऑक्टोबरात जर्मनांनी त्याला लोड्झच्या ज्यूंचा ‘ज्येष्ठ’ नेमले. १९४० च्या एप्रिलअखेर गेटो बंद झाला तेव्हा आत सुमारे १ लाख ६० हजार माणसे होती. रुमकोव्स्कीचे गणित साधे होते : आपण जर्मनांना उपयुक्त ठरलो तर ते आपल्याला जगू देतील. त्याने गेटोचे रूपांतर एका प्रचंड कारखान्यात केले. तेथे जर्मन सैन्याचे गणवेश शिवले जात. त्याने शाळा, इस्पितळे, अन्नवाटप उभे केले, आणि त्याबरोबर स्वतःची राजवटही उभी केली. गेटोच्या नोटांवर त्याची सही होती, तो घोडागाडीतून हिंडे, आणि विरोधकांना दडपून टाकी. १९४२ च्या जानेवारीपासून खेल्मनोच्या मृत्युछावणीकडे माणसे पाठविण्यास आरंभ झाला. मग ४ सप्टेंबर १९४२ रोजी त्याने जमलेल्या लोकांसमोर ते भाषण केले, ज्यात दहा वर्षांखालील मुले आणि वृद्ध आपल्या स्वाधीन करावेत असे त्याने आईबापांना विनविले. जर्मनांनी मागितलेला आकडा आपण चोवीस हजारांवरून वीस हजारांवर आणला, हेही त्याने त्यात सांगितले. त्या आठवड्यात पंधरा हजारांहून अधिक माणसे नेली गेली. पोलीस, अग्निशामक व अधिकारी यांची मुले मात्र वगळण्यात आली होती. वृद्धांसाठी पासष्ट वर्षांची मर्यादा ठरली होती. स्वतः रुमकोव्स्की तेव्हा पासष्ट वर्षांचा होता.

त्याच्या बाजूने एक समर्थन नेहमी मांडले जाते, आणि ते पोकळ नाही. पोलंडमधील मोठ्या गेटोंपैकी लोड्झचा गेटो सर्वांत शेवटपर्यंत टिकला. १९४४ च्या उन्हाळ्यात सोव्हिएत सैन्य विस्तुला नदीपाशी येऊन थांबले. ते तसेच पुढे आले असते, तर कदाचित ६५ हजारांहून अधिक माणसे वाचली असती आणि रुमकोव्स्कीचा पुतळा उभा राहिला असता, असे हे समर्थन आहे. प्रत्यक्षात सैन्य थांबले. ऑगस्टमध्ये गेटो रिकामा करून माणसे आउश्विट्झला नेण्यात आली. रुमकोव्स्कीचाही तेथेच अंत झाला. आणि लोड्झ मुक्त झाले ते १९४५ च्या १९ जानेवारीला. परंतु या समर्थनाचा नीट विचार केला म्हणजे ते स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेते. एखाद्या कृत्याचे नैतिक मोल परक्या सैन्याच्या कूचमुक्कामावर अवलंबून असेल, तर त्या कृत्याला नैतिक म्हणण्यात अर्थच उरत नाही. तो जुगार ठरतो. आणि या जुगारात पणाला लावलेली मुले जुगाऱ्याची नव्हती.

याउलट टोकाचा आक्षेप हाना आरेन्ट हिने आइखमान-खटल्यावरील आपल्या १९६३ च्या पुस्तकात घेतला. ज्यूंच्या पुढाऱ्यांनी असे साहाय्य केले नसते, ज्यू समाज असंघटित व नेतृत्वहीन असता, तर गोंधळ माजला असता, परंतु बळींची संख्या इतकी झाली नसती, असे तिचे मत. यावर वादळ उठले. आयझाया ट्रंक याच्या १९७२ च्या ‘युडेनराट’ या विस्तृत ग्रंथाने दाखवून दिले, की या मंडळांचे वर्तन ठिकठिकाणी इतके भिन्न होते की सर्वांना एका वाक्यात गुंडाळणे अशक्य आहे. माझ्या मते आरेन्टचा दोष तिच्या कठोरपणात नाही. ज्या हिशेबाने रुमकोव्स्की आपले समर्थन करी त्याच हिशेबाने ती त्याला दोषी ठरविते. तो म्हणे, माझ्यामुळे इतके वाचतील. ती म्हणते, तुझ्यामुळे इतके अधिक मेले. दोघांच्याही हाती बेरीज-वजाबाकीच आहे.

आता दोन वेगळी माणसे पाहू. वॉर्साच्या गेटोचा प्रमुख अ‍ॅडम चेर्निआकोव हाही जर्मनांच्या हुकुमाखाली अडीच वर्षांहून अधिक काळ कारभार करीत होता. रोज त्यांच्या कचेऱ्यांचे उंबरठे झिजवीत होता, आणि रोजनिशी लिहीत होता. २२ जुलै १९४२ रोजी वॉर्सातून माणसे हलविण्याचा हुकूम आला. अनाथ बालकांना वगळण्याची त्याची विनंती मान्य झाली नाही. दुसऱ्या दिवशी त्याने विष घेतले. त्याच्या मृत्यूने काहीच थांबले नाही. सप्टेंबरपर्यंत सुमारे २ लाख ६५ हजार माणसे ट्रेब्लिंकाला नेली गेली. गेटोच्या उठावातील एक नेता मारेक एडेलमान याने पुढे चेर्निआकोववर ठपका ठेवला, तो असा, की त्याने आपले मरण खाजगी बाब करून टाकली. मरण्यापूर्वी लोकांना सावध करावयास हवे होते. हा ठपका रास्त आहे. तरीही चेर्निआकोवने अडीच वर्षे सहकार्य केल्यानंतर एका ठिकाणी हात मागे घेतला, आणि ते ठिकाण कोणते, याला महत्त्व आहे.

दुसरे उदाहरण कोव्हनोचे. तेथील मंडळाचे प्रमुख डॉ. एल्खानन एल्केस हे वैद्य होते. १९४१ च्या ऑक्टोबरात सर्व रहिवाशांनी एका चौकात जमावे असा हुकूम लावण्यास मंडळाला सांगण्यात आले. मंडळाचे सभासद वृद्ध धर्मगुरू शापिरो यांच्याकडे गेले. रात्रभर ग्रंथ चाळून त्यांनी निर्णय दिला, की संपूर्ण समाजावर संकट असता काहींना वाचविण्याचा मार्ग उपलब्ध असेल, तर पुढाऱ्यांनी धैर्य एकवटून तो पत्करावा. हुकूम लागला, सुमारे ९२०० माणसे मारली गेली. याच कोव्हनोत मंडळाने पुढे भूमिगत चळवळीला मदत केली. आणि १९४४ च्या मार्चमध्ये तेथील ज्यू पोलीस-प्रमुख व त्याचे तीसहून अधिक साथीदार, लोक कोठे लपले आहेत हे सांगण्याचे नाकारून, मरण पावले. जर्मनांचा बिल्ला लावलेली माणसेच येथे प्रतिकारक ठरली.

धर्मगुरूंना ग्रंथ का चाळावे लागले? कारण या प्रश्नावर ज्यू धर्मशास्त्रात जुना निर्णय आहे. बाराव्या शतकातील माइमोनिडीसने नोंदविलेला नियम असा : शत्रूने एखाद्या समूहास म्हटले, की तुमच्यातील एकाला आमच्या हवाली करा, नाहीतर सर्वांना मारू, तर सर्वांनी मरावे, परंतु एकालाही हवाली करू नये. व्हिल्नाच्या गेटोचा पोलीस-प्रमुख याकोब गेन्स याला तेथील धर्मगुरूंनी याच नियमाची आठवण दिली. त्याने ती मानली नाही. हा नियम आकड्यांच्या भाषेत वेडगळ वाटेल. एकासाठी शंभर कसे? परंतु त्यातील मर्म असे, की शत्रू मारील तर ते पाप शत्रूचे. मात्र ‘हा जावा, तो राहावा’ असे मी ठरविले, तर माझ्या शेजाऱ्याच्या जिवाची किंमत करण्याचा शत्रूचा अधिकार मी माझ्या हाती घेतला.

मला वाटते, रेघ येथे आहे. जुलमी सत्तेच्या कचेरीत जाणे, तिच्याकडून धान्य मिळविणे, तिच्या शिक्क्याने इस्पितळ चालविणे, इतकेच काय, तिचे गणवेश शिवणे, ही कृत्ये दुःखद असतील, लज्जास्पद असतील. ती पाप म्हणता येत नाहीत. त्यांत माणूस आपले हात देतो. यादी करणारा मात्र आपली न्यायबुद्धीच शत्रूला देतो. मग शत्रूला काही सांगावे लागत नाही. उपयुक्त कोण, निरुपयोगी कोण, हे त्याचेच माप आपला माणूस आपल्या माणसांना लावू लागतो. आणि यादी करणाऱ्याचे स्वतःचे नाव प्रायः यादीबाहेर असते. लोड्झला वगळलेली मुले कोणाची होती हे पाहिले, म्हणजे यात आकस्मिक असे काही नाही, हे ध्यानात येते.

या दृष्टीने लेव्हीच्या निबंधाकडे परत वळले, म्हणजे त्याचे थोरपण आणि त्याची उणीव दोन्ही दिसू लागतात. थोरपण त्याच्या भेद करण्याच्या शक्तीत आहे. मारेकरी आणि बळी यांची सरमिसळ करणे हा नैतिक रोग होय, असे तो निक्षून बजावतो. रुमकोव्स्कीला कोणत्याही न्यायासनाने निर्दोष सोडले नसते आणि आपणही नैतिकदृष्ट्या त्याला सोडू शकत नाही, हेही तो स्पष्ट सांगतो. परंतु त्याचबरोबर, त्याच्यावरील दडपणाची मोजदाद केल्यावाचून शिक्षा सुनावण्यास तो तयार नाही. कृत्याचा निवाडा करावयाचा आणि कर्त्याचा राखून ठेवावयाचा, ही दुहेरी शिस्त आजच्या साहित्यात दुर्मीळ आहे.

परंतु निबंधाच्या अखेरीस लेव्ही एक मोठी झेप घेतो. सत्तेने आणि मानमरातबाने डोळे दिपलेले आपण सारेच रुमकोव्स्की आहोत, आपण सारेच एका गेटोत आहोत आणि कुंपणापलीकडे गाडी उभी आहे, अशा आशयाने तो समारोप करतो. हा समारोप मनाला चटका लावतो यात शंका नाही. पण तो निबंधाच्या आधीच्या युक्तिवादाशी जुळतो काय? माणूस दुबळा आहे हे खरे. त्या दुबळेपणातून मान मिळविण्याची हाव उपजते हेही खरे. तथापि दहा वर्षांखालील मुलांची यादी करणे हे केवळ दुबळेपण नव्हे. जेथे सारेच रुमकोव्स्की, तेथे चेर्निआकोव कोठे बसवावयाचा? कोव्हनोचे ते पोलीस कोठे? सर्वांच्या माथी वाटून दिलेला अपराध अखेर कोणाच्याच माथी राहत नाही; आणि ज्या सरमिसळीविरुद्ध लेव्हीने आधी इशारा दिला, तीच येथे मागच्या दाराने आत येते.

तरी लेव्हीने आपल्या बाजूचा एक साक्षीदार निबंधातच ठेवला आहे, आणि तो त्याच्या समारोपापेक्षा मला अधिक बोलका वाटतो. तो म्हणजे एक नाणे. आउश्विट्झहून परतल्यावर लेव्हीला आपल्या खिशात हलक्या धातूचे एक नाणे सापडले. लोड्झच्या गेटोतील ते १९४३ चे दहा मार्कांचे नाणे होते. त्याच्या एका बाजूस तारा होता, आणि त्यावरील जर्मन मजकुराचा अर्थ ‘दहा मार्कांची पावती’ असा होता. पावती! खरा पैसा जर्मनांनी काढून घेतला होता आणि त्याच्या बदल्यात हा धातूचा तुकडा दिला होता. कुंपणाबाहेर त्याची किंमत शून्य. लेव्हीने या नाण्यावर अलंकारिक भाष्य केलेले नाही. रसायनशास्त्रज्ञाच्या शांतपणे त्याने ते वाचकापुढे ठेवले आहे. रुमकोव्स्कीची सत्ताही अशीच पावती होती. तिच्या बदल्यात त्याने जे दिले ते खरे होते.

आपल्या वाङ्मयात असा तिसरा माणूस नाही, असे नव्हे. हरि नारायण आपटे यांच्या ‘उषःकाल’मध्ये विजापूरच्या धन्याशी इमान राखणारा वृद्ध किल्लेदार आणि स्वराज्याकडे ओढला जाणारा त्याचा पुत्र यांचा संघर्ष आहे, तेथे हरिभाऊंनी बापाला फितुराच्या रांगेत बसविलेले नाही. महाभारतातील विदुर कौरवांच्या दरबारी राहिला, तेथील अन्न खाल्ले, पण लाक्षागृहाची सूचना पांडवांना देऊन त्याने त्या जागेचा उपयोग केला. भीष्म त्याच दरबारी राहिले आणि द्रौपदीच्या प्रश्नाला त्यांनी धर्माच्या सूक्ष्मतेचे उत्तर दिले. दरबार एक, अन्न एक; निवाडा मात्र आपण वेगळा करतो, आणि तो योग्यच करतो. म्हणजे भेद करण्याची दृष्टी आपल्या परंपरेत आहे. ती आपण इतिहासाच्या तासाला वापरीत नाही, इतकेच. तेथे आपल्यापाशी दोनच कप्पे असतात, हुतात्म्यांचा आणि फितुरांचा. आणि मुले परीक्षेत ते बिनचूक भरतात.

शिक्षकांनी हा निबंध वाचावा तो अशासाठी. प्रत्येक विद्यार्थी उद्या वीर निघणार नाही, आणि तशी अपेक्षा करणेही अन्यायाचे आहे. बहुतेकांच्या वाट्याला कोठल्या ना कोठल्या कचेरीतील खुर्ची येईल, वरून हुकूम येतील, आणि त्यांतील काही निमूटपणे पाळावेही लागतील. त्यांना मरण्याचे धैर्य शिकविणे आपल्या हाती नाही. परंतु समोर कोरा कागद ठेवून कोणी म्हणाले, की तुमच्यापैकी कोण नको ते तुम्हीच लिहा, तर त्या क्षणी आपल्याला नेमके काय मागितले जात आहे हे ओळखण्याइतकी त्यांची दृष्टी स्वच्छ ठेवणे आपल्या हाती आहे. लेव्हीचा निबंध त्या कामी येतो. त्याच्या समारोपाशी आपले मत जुळो अथवा न जुळो.